सभागृहातील घूं आणि सूं : कारणे व शोध



पौर्णिमेच्या कार्यक्रमात त्रिसरण-पंचशील झाले, वंदना झाली की आपण पाच-दहा मिनिटे डोळे मिटून बसतो. लहान मुलेसुद्धा तेवढा वेळ गप्प असतात. नेमक्या त्याच वेळी सभागृहात एक आवाज ऐकू येऊ लागे. घूंऽऽ असा, न थांबणारा, दूर कुठे पिठाची गिरणी चालू असावी तसा. भाषणे आणि गाणी चालू असताना तो कुणाच्या ध्यानात येत नसे, पण शांतता झाली की त्याच्याशिवाय दुसरे काही ऐकूच येत नसे. एका हितचिंतकाने संस्थेला होम थिएटरचा संच दान दिला आणि तो आपण जुन्या मिक्सरला व माइकला जोडला, तेव्हापासूनची ही तक्रार. ज्यांनी संच बसवून दिला त्यांचे म्हणणे, "एवढा आवाज असतोच, माणसे बसली की कळत नाही." आम्हीही ते मान्य करून मोकळे झालो होतो.

मान्य करणे किती महाग पडले ते नंतर कळले. आपल्या संस्थेचे एक वयोवृद्ध सभासद, पेशाने निवृत्त शिक्षक, यांच्या आठवणी आम्ही सभागृहात बसून मुद्रित केल्या. १९३९ साली श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत वतनदारांची परिषद झाली. तिला त्यांचे वडील पायी गेले होते. वाटेत कोण भेटले, मुक्काम कुठे पडला, परत आल्यावर गावात काय झाले, हे सारे वडिलांच्या तोंडून ऐकलेले ते सांगत होते. गुरुजींचा आवाज क्षीण झाला होता, म्हणून आम्ही मिक्सरवरची बटणे वाढवीत गेलो. घरी येऊन ऐकतो तर गुरुजींच्या बरोबरीने घूं बोलत होता आणि शेवटी शेवटी तर तोच बोलत होता. पुन्हा मुद्रण करू असे ठरले, पण त्या अगोदरच गुरुजी गेले.

त्यानंतर आम्ही दोघा-तिघांनी चार रविवार या कामी घातले. जे समजले ते येथे मांडत आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता होम थिएटर, साऊंडबार, संगणकाचे स्पीकर असतात. गावोगावच्या विहारांत १४ एप्रिलला साऊंड लागतोच. त्या सर्वांना हेच शास्त्र लागू आहे.

प्रथम घूं आणि सूं यांत फरक केला पाहिजे. घूं हा विजेचा आवाज आहे. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. हाच ठेका कुठल्या तरी वाटेने ॲम्प्लिफायरमध्ये शिरला की स्पीकर तो इमानाने वाजवून दाखवतो. ॲम्प्लिफायरच्या आतील वीजपुरवठ्यात या विजेची एकदिश वीज केली जाते. तेथील मोठे कपॅसिटर जुने होऊन सुकले तर गळती होते ती मात्र सेकंदाला १०० ठेक्यांची. सूं हा वेगळाच, पाऊस दूरवर पत्र्यावर पडावा तसा. त्याला सूर नसतो. घूंला सूर असतो. आमच्या भीमगीत मंडळाच्या पेटीवादकांनी पेटीवर हात फिरवून सांगितले, "ही पांढरी पाच, पण पार खालच्या सप्तकातली, आणि जराशी चढी." हिशेब केला तेव्हा त्यांचे म्हणणे तंतोतंत निघाले. पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा सी, या हिशेबाने पांढरी पाचचे खालचे सूर ४९ आणि ९८ ठेक्यांवर येतात. विजेचे ५० आणि १०० त्यांच्या किंचित वर आहेत. यंत्राशिवाय असे निदान करणारा माणूस मंडळात आहे याचा आम्हांस अभिमान वाटतो.

शोध घेण्याची पद्धत साधी आहे, पण घाई करून चालत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचे. पंखे बंद, दारे बंद, गाणे थांबवलेले. मुख्य आवाजाचे बटण हळूहळू फिरवावे. बटणाबरोबर घूं कमी-जास्त होत असेल तर तो बटणाच्या अलीकडून, म्हणजे मिक्सर, लॅपटॉप, डिश यांच्या बाजूने येत आहे. बटण शून्यावर आणूनही घूं तसाच राहिला तर तो बटणाच्या पलीकडे, म्हणजे शेवटच्या ॲम्प्लिफायरात किंवा सबवूफरच्या केबलमध्ये आहे. या एका कसोटीने अर्धे घर झडतीतून सुटते.

आमच्याकडे दोन्ही निघाले! बटण फिरवले की मोठा घूं कमी होई, पण शून्यावरही सबवूफरच्या डब्यातून बारीक घरघर उरे. मोठ्याचा पाठलाग आधी केला. मिक्सरवर एकेक चॅनेल खाली आणले. माइक खाली आणले तरी फरक नाही. लॅपटॉपचे चॅनेल खाली आणले आणि सभागृह एकदम शांत झाले. वंदनेचे पाठ पडद्यावर दाखवण्यासाठी हा लॅपटॉप कायम जोडलेला असतो, आणि गुरुजींचे मुद्रणही त्यावरच झाले होते. गुन्हेगार सापडला असे वाटले. अशा वेळी बहुधा चार्जर दोषी असतो, म्हणून चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला. घूं जसाच्या तसा. दुसरा लॅपटॉप आणला. तरीही तसाच. ऑडिओची वायर बदलली, तरी तसाच.

मग एका विद्यार्थ्याने प्रोजेक्टरकडे जाणारी एचडीएमआय केबल लॅपटॉपमधून उपसली आणि आवाज बंद झाला. प्रोजेक्टर तर मागच्या भिंतीपाशी छताला टांगलेला, त्याचा आणि स्पीकरचा काही संबंध नाही. त्याचे बटण भिंतीवर बंद केले तर घूं चालूच. म्हणजे प्रोजेक्टर बंद असतानाही घूं! शेवटी त्याची पिनच सॉकेटमधून बाहेर काढली तेव्हा घूं गेला. येथे आम्हांस पहिल्यांदा अर्थिंगचा संशय आला. भिंतीवरील बटण फक्त फेजची वायर तोडते. तीन पिनांतली वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, ती बटण बंद केल्यावरही जोडलेलीच राहते.

आता थोडा इतिहास सांगणे भाग आहे. सभागृह जुने आहे आणि त्याचा अर्थिंगचा खड्डा स्टेजच्या बाजूला आहे. मागची अभ्यासिका नंतर बांधली, तिचे मीटर वेगळे आणि खड्डाही वेगळा. प्रोजेक्टर जवळ पडतो म्हणून त्याला वीज अभ्यासिकेच्या बोर्डातून दिली होती. मिक्सर स्टेजवरच्या बोर्डात. एकाच सभागृहात दोन वेगवेगळ्या "जमिनी" आल्या आणि त्या दोहोंना आम्हीच नकळत एका बारीक केबलने जोडले. प्रोजेक्टरची अर्थिंग, तेथून एचडीएमआय केबलची जाळी, लॅपटॉप, ऑडिओ केबलची जाळी, मिक्सर आणि स्टेजची अर्थिंग, असा तो फेरा. जमिनीतून तो पुरा होतो. यास अर्थिंगचा फास म्हणावे.

जमीन सगळीकडे एकच, मग फरक कसला, असे कुणीही विचारील. फरक असतो. बोअरची मोटर, फ्रिज, संगणक, एलईडी दिवे यांतून थोडी वीज नेहमीच अर्थिंगकडे झिरपते. खड्डा चांगला ओला असेल तर ती जिरून जाते. आपला जिल्हा, २०२४ पर्यंत अहमदनगर आणि आता अहिल्यानगर, मोठ्या भागात पर्जन्यछायेत आहे. खाली मुरूम आणि काळा कातळ. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डीकडच्या वाचकांना उन्हाळ्यातील जमीन वेगळी सांगायला नको. खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला असला तरी मार्चनंतर तो सुकतो आणि वीज जिरेनाशी होते. आपल्या जयंतीचा महिना आणि अर्थिंगचा सर्वांत वाईट महिना एकच.

परवानाधारक वायरमन बोलावून त्यांच्या हातून दोन बोर्डांच्या अर्थिंगमधील व्होल्टेज मोजून घेतले. दोन व्होल्टच्या आसपास भरले. (हे मोजमाप विद्यार्थ्यांनी स्वतः करू नये. सॉकेटमध्ये सळई घालण्याचा प्रयोग जिवावर बेततो.) दोन व्होल्ट म्हणजे काहीच नाही असे वाटते. उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. दोन्ही खड्ड्यांचा मिळून विरोध २० ओहम धरला तर फेऱ्यातून १०० मिलिॲम्पिअर वीज वाहील. ऑडिओ केबलच्या जाळीचा विरोध ०.१ ओहम धरला तर जाळीवर १० मिलिव्होल्टचा घूं तयार होईल. लॅपटॉपमधून येणारा बोलण्याचा सिग्नल ३०० मिलिव्होल्टच्या आसपास. म्हणजे बोलण्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढा घूं त्यात मिसळला. गुरुजींसारखा क्षीण आवाज असेल तर हा तिसावा हिस्सा सहाव्यावर यायला वेळ लागत नाही. केबल बदलून काही होत नव्हते ते यामुळेच. केबल निर्दोष होती. ती फक्त चुकीच्या दोन जागांमध्ये पूल बनली होती.

या ठिकाणी एका घातक उपायाविषयी लिहिणे आमचे कर्तव्य आहे, कारण तो सर्वत्र चालतो. "अर्थिंगची पिन तोडून टाका, घूं जाईल," असा सल्ला आम्हांस दोघांनी दिला. घूं खरोखर जातो, कारण फास तुटतो. पण मिक्सरचे लोखंडी खोके, माइकचे डोके, गिटारच्या तारा या सर्वांना सुरक्षित ठेवणारा धागाही त्याबरोबर तुटतो. अर्थिंग नसली की यंत्रातील गाळणीच्या कपॅसिटरमधून खोक्यावर थोडी वीज येते आणि माइक ओठाला "चावतो". तोपर्यंत नुसत्या मुंग्या येतात. आत एखादी फेजची वायर सुटून खोक्याला लागली तर मात्र पूर्ण २३० व्होल्ट माइक धरणाऱ्याच्या हातात येतात. जयंतीला माइक कोण धरते? भाषण पाठ करून आलेली चौथी-पाचवीतली मुलगी, अनवाणी, पाणी मारलेल्या मंडपात. आमच्याच जुन्या ॲम्प्लिफायरच्या वायरीची पिन कुणी तरी पक्कडीने उडवलेली होती आणि ती कित्येक वर्षे तशीच वापरली गेली. ती वायर आम्ही तोडून टाकली. सभागृहाच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. ज्या विहारांत तो नसेल त्यांनी साऊंडचा खर्च मागे ठेवून आधी तो बसवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग योग्य उपाय कोणता? पहिला, फुकटचा. प्रोजेक्टर, लॅपटॉप, मिक्सर, ॲम्प्लिफायर या सर्वांना वीज एकाच बोर्डातून द्यावी. आम्ही जाड वायरीचे एक्सटेन्शन स्टेजपासून प्रोजेक्टरपर्यंत ओढले आणि त्याच रात्री मोठा घूं संपला. दुसरा, कायमचा. वायरमनकडून दोन्ही खड्डे जीआय पट्टीने एकमेकांस जोडून घेतले आणि उन्हाळ्यात दोहोंत पाणी घालण्याची पाळी लावली. तिसरा उपाय म्हणजे ऑडिओच्या वाटेवर एक छोटा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर बसवणे. त्यात दोन वेटोळी एकमेकांस न चिकटता शेजारी असतात. आवाज चुंबकत्वाने पलीकडे जातो, अर्थिंगचा पूल मात्र तुटतो. विजेच्या पिनेस हात न लावता फास तोडण्याची ही सभ्य रीत होय. ज्यांच्या घरी डिशची केबल होम थिएटरला लावली की घूं सुरू होतो, त्यांनी डिशच्या केबलवर लागणारा तसाच विलगीकारक विचारावा. गच्चीवर डिशचा खांब स्लॅबच्या लोखंडाला टेकलेला असतो आणि तोही एक वेगळी जमीन होतो.

सबवूफरची घरघर निराळी होती. त्याची लांबलचक, स्वस्तातली केबल सतरंजीखालून विजेच्या वायरीला चिकटून नेली होती. विजेच्या वायरीभोवती ५० ठेक्यांचे क्षेत्र असते, ते शेजारच्या केबलमध्ये उतरते. केबल हातभर दूर सरकवली, जेथे ओलांडणे भाग होते तेथे काटकोनात ओलांडली, आणि चांगल्या जाळीची केबल घातली. एवढ्यावर भागले.

हा त्रास जुना आहे. टेलिफोन १८७६ साली आला आणि शेजारच्या तारांचे आवाज एकमेकांत मिसळू लागले. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये दोन तारा एकमेकींभोवती पिळून नेण्याचे पेटंट घेतले. पिळल्यामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि शेवटी दोहोंतील फरक घेतला की तो वजा होऊन जातो. उरतो तो फक्त बोलणाऱ्याचा आवाज. चांगल्या माइकच्या तीन पिनांच्या केबलमध्ये आजही हीच युक्ती असते. म्हणून लांबवर माइक न्यायचा असेल तर तीन पिनांची केबल आणि दोन्ही टोकांना तीच जोडणी हवी. मध्येच एका टोकाला साधी पिन लावली की पिळण्याचे पुण्य वाया जाते.

राहिला सूं. याचे मूळ शोधून उपटता येत नाही. कोणत्याही तारेत, कोणत्याही रोधात इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत थरथरत असतात. त्या थरथरीचा आवाज अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन यांनी मोजला, नायक्विस्ट यांनी त्याचे गणित दिले, आणि दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. जगात क्षणभरही स्थिर काही नाही याचा हा दाखला, असे आमच्यातील एक जण म्हणाले. आम्ही एवढे लांब जात नाही. पण यंत्र बदलल्याने सूं जाईल या आशेवर कुणी पैसे घालू नयेत, इतके निश्चित.

सूं कमी ऐकू येण्याची किल्ली बटणांच्या क्रमात आहे. प्रत्येक यंत्र आपल्यातर्फे मूठभर खडे टाकते. धान्य पायलीभर असेल तर मूठभर खडे जाणवत नाहीत, चिपटभर असेल तर घासाघासाला दाताखाली येतात. आपल्याकडे माइकच्या चॅनेलचा "गेन" भीतीपोटी अगदी खाली ठेवलेला असे आणि होम थिएटरचे बटण पार वर. धान्य थोडे, आणि शेवटी खड्यांसकट सगळे दहापट केलेले. आम्ही ते उलटे केले. बोलणाऱ्याला माइकपासून चार बोटे अंतरावर उभे केले, गेन इतका वाढवला की मिक्सरचा लाल दिवा मोठ्या बोलण्यावरच क्षणभर लागावा, आणि शेवटचे बटण निम्म्याखाली आणले. सूं जवळजवळ गेला. न वापरलेल्या माइकची चॅनेल बंद ठेवावीत, प्रत्येक उघडे चॅनेल आपली मूठ टाकतच असते.

काही सूं मात्र मूळ मुद्रणातच असतो. बाबासाहेबांची १९५५ सालची बीबीसीची मुलाखत विद्यार्थ्यांना ऐकवली तेव्हा एकाने सिस्टिम बिघडल्याची तक्रार केली. थांबवायचे बटण दाबून पाहावे. आवाजाबरोबर सूंही थांबला तर तो मुद्रणातला, चालू राहिला तर आपला. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांच्या कॅसेट ज्यांनी जपून ठेवल्या आहेत त्यांनाही हा सूं परिचित असेल. फितीवरील चुंबकीय कणांचा तो आवाज. डॉल्बीचे बटण फक्त डॉल्बीने मुद्रित केलेल्या फितीसाठीच दाबावे, नाहीतर सूंबरोबर शब्दांची धारही जाते.

लुकलुकत्या दिव्यांच्या माळा आणि पंख्यांचे रेग्युलेटर यांचा किर्र आवाज हा तिसरा प्रकार. त्यास एकच औषध आहे. साऊंडची वीज आणि रोषणाईची वीज वेगळ्या सर्किटवर ठेवावी, आणि रेग्युलेटर मधल्या अंकावर न ठेवता पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद ठेवावा. एप्रिलमध्ये तो कोणत्या बाजूस असतो हे सांगायला नको.

गुरुजींच्या मुद्रणाचे काय झाले, असे पुष्कळ जण विचारतात. मूळ प्रत तशीच जपून ठेवली आहे, तिला हात लावलेला नाही. नक्कल करून तिच्यातून ५०, १००, १५० या क्रमाने येणारे सूर संगणकावर अगदी अरुंद पट्टीने कापले. पुरुषाचा आवाजही १०० ते १५० च्याच आसपास सुरू होतो, त्यामुळे जास्त कापले की गुरुजी टिनाच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटतात. थोडा घूं राहू दिला. पुष्कळसे शब्द लागले. वडील हरेगावहून परतताना एका रात्री ज्या गावात थांबले आणि जेथे त्यांना भाकरी मिळाली, त्या गावाचे नाव मात्र लागत नाही. "...गाव" एवढेच ऐकू येते. रविवारी सकाळी अभ्यासिकेत हे मुद्रण ऐकवण्याची व्यवस्था केली आहे. ज्यांच्या घरातील वडीलधारी मंडळी त्या वाटेने हरेगावला गेली होती, त्यांनी येऊन एकदा ऐकावे.